कोंडवाड्याची वही

ठराव क्रमांक नऊ माझ्याच अक्षरात आहे.
सूचक चिमी बुधा आगिवले,
अनुमोदक काथोड विशे.
पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब.
दुसरीला गणपूर्ती लागत नाही,
तरी बायका आल्या,
हाताला खुडणीचा हिरवा वास घेऊन.
विषय एकच:
गावातला जुना कोंडवाडा
मोगऱ्याच्या शीतखोलीसाठी देणेबाबत.

मागून कुणी म्हणालं, मग मोकाट गुरं कुठं कोंडायची?
हसू फुटलं.
गुरं राहिलीत कुठं?
मोकाट आहेत ती पोरं,
ती पडघ्याच्या गोदामात खोकी चिकटवायला जातात.

कळी खुडायची अंधारात, मिटलेली असताना.
टेम्पो येतो आठला, कधी साडेआठला.
तोवर पत्र्याखाली ती उमलू लागते.
उमलणं दिसायला छान,
कल्याणच्या फुलबाजारात मात्र
उमललं की भाव मिटतो.

लोकवर्गणी दहा टक्के.
चिमीबाईनं पाच नोटा मोजून दिल्या,
पावती मागितली,
पावतीवरचं नाव मला वाचायला लावलं.
दोनदा.
कमी पडलं ते पंचायतीनं स्वनिधीतून घातलं:
घरपट्टी, नळपट्टी,
आठवडी बाजाराच्या ओट्यांचे वीस-वीस रुपये.
सरपंच म्हणाल्या, यंदा वेशीवरची कमान नको.
अठरा वर्षांच्या नोकरीत
हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं,
आणि इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं.

मग ठाणे. जिल्हा परिषद. चार खेपा.
त्रुटी पहिली: कोंडवाड्याचा नमुना आठ जोडावा.
दुसरी: थ्री-फेज वीज असल्याचा दाखला.
तिसरी: प्रस्तावात एके ठिकाणी फूल, एके ठिकाणी कळी,
नेमके काय, खुलासा व्हावा.

चौथ्या खेपेला चिमीबाई सोबत आली,
पळसाच्या पानात खुलासा बांधून.
ठेवला टेबलावर, प्रस्तावाशेजारी.
साहेब मीटिंगला.
अकरा. बारा. जेवणाची सुट्टी.
भिंतभर कपाटांकडे बघत ती म्हणाली,
"बाई, थंड खोली तं हितंच हाय की.
ठेवलेलं कायबी उमलत नाय."

कळ्या मात्र उमलल्या.
दोन वाजता पान आपोआप सैल झालं,
आवक-जावकपर्यंत वास गेला.
लिपिक म्हणाला, तेवढं बाजूला घ्या,
कागदाला डाग पडतात.
मग जरा थांबून
शिक्क्याच्या डबीजवळ एक ठेवून घेतलं.

तत्त्वतः मान्यता मिळाली.
पहिला हप्ता चाळीस टक्के,
एकतीस मार्चला, संध्याकाळी साडेसातला.
चाळीस टक्क्यांत दार होतं,
फरशी होते, पत्र्याला आतून थर्माकोल होतो.
यंत्र होत नाही.
दुसऱ्या हप्त्यासाठी
पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं,
आणि पहिल्याचा उपयोग
दुसरा आल्याशिवाय दाखवता येत नाही.

बायका हे सगळं ऐकून घेतात
आणि गोणपाट भिजवायला जातात.
दगडी भिंत, ओली वाळू, चार बाजूंनी गोणपाट.
तीन तास मिळतात.
टेम्पोला तीन तास पुरतात.
हे प्रमाणपत्रात कोणत्या रकान्यात बसवायचं,
मला अजून सुचलेलं नाही.

काल कोनाडा झाडताना जुनी वही सापडली.
शेवटची नोंद:
एक पांढरी गाय, डावं शिंग मोडकं.
दंड दोन रुपये. मालक आला नाही.
"पानं शिल्लक हायेत ना?" चिमीबाई म्हणाली,
"मंग लिव्ह."

लिहिलं, त्याच रकान्यांत:
मोगरा, कळी, सव्वानऊ किलो.
कोंडल्याची वेळ पहाटे पाच.
सोडवल्याची, आठ वाजून दहा मिनिटं.
दंड निरंक.
मालक हजर,
बारा जणी.