तोंड कोनतीकडे

वाडीच्या क्वार्टरात, मे महिन्यातल्या रविवारी,
कुण्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा अंथरून
आम्ही त्यावर षट्कोन आखलेत. आठशे सोळा.
उन्हाची तिरीप आली की खालून साहेबांचा चेहरा वर येतो
आणि माझी टेकडी नेमकी त्यांच्या मिशीवर बसते.

पुठ्ठ्याचे रणगाडे. प्रत्येकाच्या नाकावर
नेलपॉलिशचा लाल ठिपका : हे तोंड.
वर टाचणीने अडकवलेली आगपेटीची काडी : ही तोफ.
काडी फिरवायला काही पडत नाही.
धड वळवायचं तर एका बाजूला एक पाऊल जातं,
आणि एका डावात पावलं सहाच.
समोर चिलखत अकरा, बगलेला चार.
पाठीला दोन. डालड्याचा डबा, म्हणतात उइकेकाका.

काका खऱ्या रणगाड्यात होते, चौदा वर्षं.
मला वाटायचं, तोफेवर. विचारलं तर हसले.
"डायवर होतो मी, बाई. खाली, पुढं.
वर टरेट कोनतीकडे फिरलं, मले काय मालूम?
मले धडाचं तोंड मालूम. बस."

म्हणूनच मी हरते बहुतेक.
मी काड्या बघते : कोण टप्प्यात आहे,
मध्ये झाडी येते का, दोन फाशांवर आठ लागतील की नऊ.
ते बोटाच्या टोकाने एखादं धड जरासं वळवतात,
चष्मा वर ढकलतात, म्हणतात, "झालं माझं."
एक गोळा न टाकता.
मला तो आळस वाटायचा.

आज पाणी भरून मी कूलर तीनवर नेला
आणि एका झोतात सगळी लढाई फिरली.
माझे पाच, त्यांचे चार, नाकं कुठल्या कुठे,
एक चहाच्या बशीत,
एक टेकडीवरून घसरून साहेबांच्या गळ्यातल्या हारात.
पुन्हा मांडू, मी म्हटलं, मला आठवतंय.
आठवतही होतं : ओढ्यापलीकडून कोण कुणावर रोखलेला,
राखेच्या तळ्याकाठचा कुणाच्या मागावर.
तोंड मात्र एकाचंही आठवेना.

काकांनी नवाचे नऊ ठेवले. माझे आधी.
तेव्हा दिसलं,
टेकडीवरचा तिसरा, ज्याच्यावर माझी सगळी मदार,
काडी ओढ्याकडे, नाक भलतीकडे,
आणि उजवी बगल
त्यांच्या खडीसाखरेच्या घरामागे लपलेल्या गाड्यापुढे उघडी.
"हा असा नव्हता," मी म्हटलं.
"असाच होता. तीन डावांपासून.
मी म्हनलं, पाह्यते का नाई पाह्यत."
"मग मारला का नाहीत?"

काका जरा वेळ फ्लेक्सकडे बघत राहिले.
मग त्यांच्या त्या गाड्याची काडी हळूच उचलली :
ती पार मागे, चहाच्या किटलीवर रोखलेली.
"माझी तोफ कोनतीकडे हाय, मीच नाई पाह्यलं, बाप्पा."

मग आम्ही प्रत्येकाखाली एकेक रुपया चिकटवला.
नऊ रुपयांचं सैन्य. कूलर दोनवर.
अंधारायच्या आत मी हरले, नेहमीसारखी, पाठीतून.

काकांची मान चार वर्षांपासून वळत नाही.
मणक्यात काही आहे, मेडिकलचे डॉक्टर नाव सांगतात,
ते सांगत नाहीत.
हाक मारली की ते पायांपासून वळतात, अख्खे.

निघताना चष्मा टेबलावरच राहिला.
मी फाटकातून ओरडले तेव्हा लुना रस्त्यावर पोचली होती,
अमरावतीकडचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते.
ती थांबली. पाय टेकले. जरा मागे, जरा पुढे,
एक बाजू.
ट्रक जाऊ दिला. दुसरी बाजू.
तिसरी.
मग हेडलाइट सरळ माझ्या तोंडावर आला
आणि त्याच्या मागून काका म्हणाले,
"काय राह्यलं?"