अहवालासोबत, वेगळ्या कागदावर

श्री. इग्नात्सी कुल्पा,
तुमचा पक्षी नापास झाला.
शिक्क्याची चार पानं पाकिटात आहेतच,
माझ्या सहीची. हे पाचवं
मोजणीत धरू नका.

तुम्ही लिहिलंत, स्त्रिशावात आमच्या तीन पिढ्या
हेच पक्षी कोरतायत, चाकांवरचे, काठीनं ढकलायचे,
एकाही पोराला कधी काही झालं नाही.
खरं असेल.
पण ज्याला काही होतं
ते पोर पत्र लिहीत नाही, कुल्पा.

इथे लुब्लिनला, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्याकडे एक पोर आहे.
अख्खं नाही, सुटं सुटं.
घसा स्टीलचा, दोन बोटं रुंद, तिरक्या तळाचा.
लाळ बाटलीत, लेबल लावलेली.
जठर फ्लास्कमध्ये, सदतीस अंशांवर,
एक तास हलवलेलं,
एक तास निजवलेलं.
हात म्हणजे चिमटा, नव्वद न्यूटनचा. हट्टी.
अस्वलाचा डोळा धरला की दहा सेकंद सोडत नाही.
आम्ही त्याला फेलेक म्हणतो.
वयाच्या रकान्यात लिहितो, छत्तीस महिन्यांखालील.
मी लागले तेव्हाही एवढाच होता,
एकोणीस वर्षं झाली.

तुमचा खोका उघडला, भुशाचा वास आला,
आणि मी आधी नियमात न बसणारी गोष्ट केली.
काठी धरली, कॉरिडॉरमध्ये शिरले,
पार जिन्यापर्यंत.
टपाटप, टपाटप, चामड्याच्या बिजागऱ्यांवर पंख.
रसायनवाल्या बेर्नादेतानं दारातून डोकं काढलं:
कुणाचं पोर आलंय आज?
माझंच, म्हटलं.

मग पंच्याऐंशी सेंटिमीटरवरून
लोखंडी पाट्यावर पाच वेळा टाकला.
तीनदा तुमचं लिंबाचं लाकूड नुसतं खणखणलं.
चौथ्यांदा डावं चाक निसटलं.
पाचव्यांदा खुंटी बाहेर आली, करंगळीच्या पेराएवढी,
गुळगुळीत, तुमच्या हाताची.
घशात ढकलायची नसते. नुसती ठेवायची.
ठेवली.
टिक् असा आवाज झाला,
आणि ती दिसेनाशी झाली.

तुमचा लाल रंग मात्र स्वच्छ निघाला.
शिसं नाही, कॅडमियम नाही.
पान तीनवर हे एका ओळीत आटोपलंय,
म्हणून इथे पुन्हा सांगते.

आणि मनाला लावून घेऊ नका.
जे पास होतात तेही इथून घरी जात नाहीत.
कपाटात बघा कधी येऊन:
कान उपटलेले ससे, शिवण उसवलेलं पाणघोडं,
जळक्या केसांची बाहुली.
सगळे उत्तीर्ण.
एकालाही पोराचा हात लागलेला नाही,
त्यांच्या भावंडांना लागावा म्हणून.

खोडातून पक्षी काढायचा हे तुमचं काम,
पक्ष्यातली खोड काढायची हे माझं.
दोघांचाही हात त्याच लाकडावर,
तुमचा उबदार, एवढाच फरक.

सल्ला द्यायला मला मनाई आहे.
म्हणून हा सल्ला नव्हे, आठवण आहे:
माझे वडील खुर्च्या करायचे.
खुंटी आरपार घालायचे,
पलीकडून तिचं तोंड चिरायचे
आणि त्यात ओकची पाचर ठोकायचे.
पंचेचाळीस वर्षं झाली. माझा भाऊ, शंभर किलोचा,
अजून त्याच खुर्चीवर बसून भांडतो.

पुन्हा पाठवाल तेव्हा दोन पाठवा.
एक फेलेकचा. तो उरायचा नाही.
दुसऱ्याची पावती माझ्या नावानं फाडा,
पूर्ण किमतीची, सवलत नको,
नाहीतर माझीच चौकशी लागेल.

कॉरिडॉर लांब आहे.
शुक्रवारी चारनंतर इथे कुणी नसतं.

तेओफिला म्रोझ,
यांत्रिक चाचण्या