डब्यातल्या गऱ्या

पत्र्याचा डबा. झाकणावर पूर्वी राजवाडा होता,
आता त्याचा एक मनोरा उरलाय, तोही गंजात शिरलेला.
आत सतरा गऱ्या, नायलॉनची दोन रिळं, त्यातलं एक गुंतलेलं
(ते सोडवणं हे पावसाळ्यातलं काम; चार पावसाळे झाले),
गॅरेजवाल्या शाणूने दिलेलं शिसं, डावात वितळवून ओतलेलं,
आणि एक चपटा दगड,
कशासाठी ठेवला आठवत नाही,
पण काढून टाकवतही नाही.

एवढी माझी इस्टेट.
घर, स्कूटर, बँकेतलं किडूकमिडूक
सगळं दोघांच्या नावावर आहे.
डबा माझ्या एकट्याचा.

रविवारी उजाडायच्या आत मी दुर्भाटच्या धक्क्यावर.
झुआरीचं अजून ठरलेलं नसतं,
वर चढायचं की खाली उतरायचं.
पलीकडून, रासईहून, पहिली फेरीबोट सुटते.
तिच्यातून कायतान उतरतो, काखेत छत्री, ऊन असो नसो.
मी म्हणतो, 'कितें?'
तो म्हणतो, 'कांय ना.'
इथे आमचं बोलणं साधारण संपतं.
तेवीस वर्षं झाली, त्याच्या मुलींची नावं मला ठाऊक नाहीत.
पण दोरा ताणला की त्याचा कुठला खांदा आधी हलतो
ते झोपेत विचारा.

मिळतं काय? खरं सांगायचं तर सांगटं.
मिशीवाली, काट्याची, हाताला डसणारी.
कधीमधी काळुंद्र, तळहाताएवढं.
एकदा चणक लागला होता, असं मी सांगतो.
दिसला नाही. दोरा तोडून गेला.
बोटावरची ही चीर त्याचीच, बघा.

कुंदा हिशोबाची बाई,
वीज खात्यात इतरांचे आकडे तपासत निवृत्त झाली.
एका चतुर्थीनंतर कॅलेंडरच्या पाठीवर तिने लिहिलं:
आमिषाची सुंगटं, पेट्रोल, दोरा, चहा-भजी.
समोर मासे, नगात.
भागाकार केला नाही. पेन्सिल ठेवून उठली.
तो मोठेपणा मला झोंबला.

पुढच्या रविवारी येताना फोंड्याच्या बाजारात वळलो,
चार बांगडे घेतले,
पिशवी नळाखाली धरून ओली केली, वर थोडी रेती चोपडली.
'आज लागले,' म्हटलं, आणि तडक न्हाणीघरात.
डोक्यावर दुसरा तांब्या ओतताना आठवलं,
बांगडा समुद्राचा.
दुर्भाटपर्यंत काय चालत येणार होता?
बाहेर विळीचा आवाज. मग तिरफळांचा वास.
हुमण वाढताना ती एवढंच म्हणाली,
'लांबून आले बिचारे.'
मीठ अगदी बरोबर पडलं होतं.

मुलाने दुबईहून काठी पाठवलीय, कार्बनची.
काठीला रीळ, रिळाला वंगण, वंगणाची वेगळी बाटली.
कपाटामागे उभी असते, न बसलेल्या पाहुण्यासारखी.
फोनवर विचारतो, 'बाबा, वापरता ना?'
'हो तर,' म्हणतो मी.
आता त्याला कसं सांगू,
काठी मध्ये आली की मासा काठीशी बोलतो.
मला तो तर्जनीशी बोललेला हवा.

मागच्या वर्षी मडगावला कायतानचा मोतीबिंदू काढला.
आता त्याला गरीचं भोक लख्ख दिसतं,
पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा पायसुद्धा दिसतो म्हणे.
तरी दोरा तो माझ्यापुढेच सरकवतो.
मी गाठ मारतो, थुंकी लावून, दातांनी ओढून.
त्याने सवय मोडली नाही,
मी आठवण दिली नाही.

आज नऊ वाजून गेले. पिशवी कोरडी.
निघताना ओट्यावर करवंटी होती,
सुंगटं सोललेली, मीठ लावलेली, वर केळीचं पान.
कुणी ठेवली ते मी विचारलं नाही.
घरात आम्ही दोघंच.

बोटावर दोऱ्याचे दोन वेढे.
खाली कुणीतरी हलकेच
थांबा.

नाही. ओहोटी लागली.