गोफातली गाठ

बोटीवर मी लाँड्रीत. रोज दोन हजार टॉवेल.
वाफेपलीकडे इस्त्रीवर दिदीन,
जावातल्या कारावांगचा, भातशेतीच्या मुलखातला.
पाळी सुटली की साबणाचं रिकामं पिंप आडवं घ्यायचा,
हातांनी वाजवायचा आणि टाच दाबून धरायचा वर.
टाच सरकली की आवाज वाकायचा,
आमच्या घुमटाचा वाकतो तसा,
मागच्या तोंडावर डावा तळवा झाकला-उघडला की.

मग उठून नाचायचा.
गुडघे नमलेले, मनगट फिरतंय,
आणि कंबर अशी, की ताल तिच्यातून निघून
पिंपाकडे चाललाय जणू.
जायपोंग, म्हणाला.
आजी सांगायची, पूर्वी कापणी झाली की
अंगणात मशाल रोवत, काशाच्या तीन वाट्या वाजत,
नाचणारीभोवती अख्खा गाव.
पुढे शहरात कुणीतरी त्याला नवे हात जोडले, नवे पाय.
मोठ्यांनी नाकं मुरडली: कंबर फार हलते.
म्हणूनच की काय, कॅसेटी घरोघर गेल्या.
"आता लग्नात आमची काकूपण नाचते."

मी त्याला गोफ दाखवायला गेलो.
शिडीच्या दांड्याला बांधल्या आठ चादरी,
नाचायला दोघंच.
मुकादम आला, चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.

फाल्गुनात गावडोंगरीला पोचलो.
मांडावर आठ दोऱ्या सुटलेल्या, माझी हिरवी,
समोर पिवळी धरून फोंडू वेळीप, वय सत्तरीपार.
जत सुरू झाली. आत-बाहेर, आत-बाहेर,
वेणी उतरत चालली डोक्यावरून खाली.
तिसऱ्या फेऱ्याला घुमट क्षणभर थांबलं
आणि माझी कंबर थांबली नाही.

एकच मात्रा.
हिरवी लालवरून जायची, ती खालून गेली.

उलट्या पावलांनी गोफ सुटतो म्हणतात.
सुटला, गाठीपर्यंत.
सगळे उभे, दोऱ्या ताणलेल्या,
शामेळवाल्याच्या काठ्या हवेतच.
फोंडूबाब म्हणाला, "खंयची रे ही चाल?"
"बोटीवरची."
"बोटीर शेत आसता?"
"ना. पूण मनीस शेतातलो."
त्याने पान थुंकलं, जरा वेळ घेतला.
"मगीर जाता," म्हणाला, आणि पिवळी पुन्हा हातात घेतली.
गाठ तशीच राहिली वर, होळीचा खांब उतरेपर्यंत.

दुसऱ्या वर्षी पोरांनी मुद्दाम केलं ते, माझी टिंगल म्हणून.
तिसऱ्या वर्षी टिंगल विसरली, चाल राहिली.
पणजीच्या मिरवणुकीत दुसरा नंबर आला.
पाळोळ्याच्या हॉटेलात शनिवारी आठ मिनिटं नाचतात,
गाठीशिवाय; सोडवत बसायला तिथे वेळ नसतो.

परवा मडगावहून एक बाई आली रेकॉर्डर घेऊन.
फोंडूबाबच्या नातवाला, सगुणला विचारलं,
ही कंबरेची चाल कुठून आली?
पंधरा वर्षांचा पोरगा, छाती काढून म्हणाला,
"पूर्वापार. आज्याच्या आज्यापासून."
मी बाजूलाच होतो, घुमटाचं कातडं उन्हाला धरून.
हल्ली बकऱ्याचं असतं, घोरपडीचं बंद झालं.
बाईने माझ्याकडे बघितलं.
मी कातड्यावर बोट वाजवून पाहिलं. अजून ओलं होतं.

रात्री दिदीनला व्हिडिओ पाठवला.
तो आता दुसऱ्या बोटीवर, बर्फाच्या बाजूला कुठेतरी.
चार दिवसांनी उत्तर आलं:
छान. पण पोरांना सांग,
गुडघे अजून वाकवा.