लिफ्टर

पेपरातला फोटो अजून आहे माझ्याकडे.
मी हवेत, हात मागे ताणलेला,
बॉल नेटच्या वर थांबल्यासारखा.
खाली, कडेला, जिथं छापणाऱ्यानं कातरलं,
तिथं दहा बोटं दिसतात.
नुसती बोटं.
ती ईश्वर टेकामची.

ईश्वर टेंभुर्ड्याचा. बाप वीटभट्टीवर.
आठवीपासून हा विटा वर फेकायचा
दोन-दोन, जोडीनं,
परांचीवरल्या मिस्त्रीच्या हातात अशा
की मिस्त्रीला बिडी खाली ठेवावी लागू नये.
एक कोर तुटली तर चार आणे कापत.
खेळाच्या सरांनी सायकल थांबवली,
बराच वेळ वरखाली बघत राहिले.
‘कॉलेजात येतं का?’
‘जेवाले भेटते का तिथं?’

आमचं ग्राउंड पांढरकवड्याच्या जिनिंगात,
कापूस येईस्तोवर आमचं.
दिवाळी झाली की गाड्या लागत,
नेटच्या खांबांइतका ढीग चढे
आणि आम्ही हैदराबाद रोडच्या कडेला
येणाऱ्या ट्रकच्या उजेडात.
ट्रक गेला की बॉल दिसत नसे.
ईश्वर अंधारातही उचलायचा.

पहिलं वर्ष त्यानं पाणी दिलं.
दुसऱ्या वर्षी, वणीला, तिसऱ्या सेटला
आमच्या लिफ्टरचा घोटा मुरगळला.
ईश्वर अनवाणी उतरला. पंच म्हणाले, बूट.
मग कोणाचे तरी नऊ नंबरचे,
पुढं कापूस कोंबून.

तो बॉलकडे बघत नसे. माझ्या पायांकडे बघे.
मी उडणार हे मला कळायच्या आत त्याला कळे,
आणि बॉल यायचा कसा, कसं सांगू,
तव्यावरली भाकर उलटते ना, तसा.
आवाज नाही.
आवाज मग माझा. धाडकन. शिट्ट्या. माझं नाव.
पाचशे एक रुपये अन् शिल्ड, गावोगाव.
जीपच्या टपावर शिल्ड धरून मी,
आत, बॉलची हवा काढत, तो.

अमरावतीच्या कॉलेजनं त्याला नेलं.
खोली फुकट, मेस फुकट, निळा ट्रॅकसूट.
तिथं सव्वासहा फुटांची पोरं,
कोच आकड्यांत बोले : वन, फोर, बॅक-टू.
‘आकडे समजते बे,’ त्यानं पत्रात लिहिलं,
‘पाय वयखीचे नाहीत.’
सोळा सामने बाकावर.
सतराव्यात उतरला आणि ब्लॉकला गेला,
जे लिफ्टरनं जपून करावं ते जीव खाऊन केलं.
उजव्या हाताचं मधलं बोट
मागं वळून मनगटाकडे बघू लागलं.
हाडवैद्यानं बसवलं. वाकडं बसलं.
मेस त्याच महिन्यात बंद.

माझं सर्टिफिकेट चाललं.
पाच टक्क्यांत पोलिसात लागलो.
साहेबांनी फाईल चाळत विचारलं, स्मॅशर का?
मी हो म्हणालो.
बॉल कोणी दिले, याचा रकाना फॉर्मात नव्हता
आणि मीही, खरं सांगायचं तर,
कोऱ्या जागेत काही लिहिलं नाही.

तो आता आश्रमशाळेत, रोजंदारीवर.
ताटं मोजतो, घंटा देतो,
साडेचारला पोरींसाठी नेट बांधतो.
एक मडावीची पोरगी राज्याला गेली म्हणतात. लिफ्टर.

मागल्या उन्हाळ्यात माझ्या घराचा दुसरा मजला.
तो सहज आला, चहा प्यायला.
खालचा मजूर नवा, विटा फुटत होत्या.
ईश्वरनं कप वाळूत खोचला,
चपला काढल्या,
मजुराला बाजूला सारलं.
मी वर उभा. मिस्त्री तंबाखू मळत होता.
त्यानं बघितलं, विटेकडे नाही,
माझ्या पायांकडे.
माझे गुडघे, या पोटासकट, वाकले,
उजवा हात मागं गेला आपोआप.

‘उडू नोको,’ तो खालून म्हणाला,
‘वीट हाय ते.’