सहाच्या जागी चार

टॅक्सीचं इंजिन आलं ते रविवारी,
बटाट्याच्या पोत्यांत गुंडाळलेलं,
माँटेव्हिडिओहून, वाल्देमारच्या मावसभावाच्या गाडीत.
जर्मन डिझेल. चार सिलिंडर.
किती चाललं होतं, कुणालाच ठाऊक नाही:
मीटर पाच आकड्यांचं,
ते किती वेळा शून्यावर आलं
हे मोजणारा ड्रायव्हर कधीच वारला.

आमचा ट्रक सत्तेचाळीसचा. शेवरोले.
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
आणि पेट्रोल असं प्यायचा
की गासड्या ताक्वारेम्बोला टाकून परत येईतो
अर्धी लोकर त्यानेच खाल्लेली असे.

वाल्देमार म्हणाला, बसेल.
त्या 'बसेल'ला सात महिने लागले.

चेन-कप्पी निलगिरीला बांधली,
सहा सिलिंडरचं जुनं धूड उचललं
तेव्हा ट्रकचं नाक वीतभर वर आलं,
ओझं उतरल्यावर हमाल मान वर करतो तसं.
नवं खाली सोडलं, तर चेंबर आखावर टेकलं.
वर घ्या. कापा. वेल्डिंग करा. पाणी भरून बघा.
गळतंय.
पुन्हा.

गिअरबॉक्स अमेरिकन, इंजिन जर्मन,
भोकाला भोक जुळेना.
शेवटी एबेरने लेथवर पोलादाची प्लेट कातून दिली
आणि पैशांऐवजी एक मेंढा नेला.
म्हणाला, अशी सोयरीक मी पाहिली नाही,
दोन्हीकडची माणसं एकमेकांची भाषा बोलत नाहीत,
आणि मधे मी दुभाष्या, वीस मिलिमीटरचा.

मी दिवा धरायचे.
एका हातात दिवा, दुसऱ्यात मातेचा तुंबा,
जुलैचा वारा दोन्ही विझवायला टपलेला.
"डावीकडे," तो ट्रकखालून म्हणायचा.
त्याचं डावं की माझं,
हे लग्नाच्या एकतीस वर्षांत ठरलेलं नाही.

सहाच्या जागी चार, म्हणून रेडिएटरमागे
हातभर जागा रिकामी उरली.
इथे काय ठेवायचं, मी विचारलं.
हवा, तो म्हणाला.

सुरू केलं ती पहाट:
डॅशबोर्डवर टॅक्सीचीच मूठ.
अर्धी ओढायची, आणि थांबायचं.
बारीक जाळीमागे तार हळूहळू नारिंगी होते.
मी मोजत होते, अठरा, एकोणीस,
तो पुटपुटत होता, प्रार्थना की शिव्या, कळेना.
वीस. पूर्ण ओढली.
आधी खोकला.
मग पांढरा धूर, इतका की कोंबड्या दिसेनात.
मग खडखडाट, जणू
डब्यात खिळे घालून कुणी ठाम मनाने हलवतंय.
वाल्देमारने टोपी काढली, आणि पुन्हा घातली.

एकतीस वर्षं
तो टेकडीपलीकडे असतानाच मी त्याला ऐकत आले होते.
सहांचा तो मऊ, गुरगुरता दम,
उतारावर सोडलेला, पुलाशी पुन्हा धरलेला.
पूल वाजला की मी किटली ठेवायची,
तेरो शेपटी हलवत फाटकाशी जायचा.

त्या संध्याकाळी मी भोपळा चिरत बसले होते.
कुणी परकं येतंय, एवढंच वाटलं.
उठले नाही.
तेरो भुंकला, दात काढून,
आपल्याच ट्रकच्या टायरांवर.
फाटकात वाल्देमार,
एक पाय जमिनीवर, एक अजून फूटबोर्डवर.
"मी आहे," तो म्हणाला.
कुत्र्याला म्हणाला असेल.

लोकरीचा पैसा आता घरापर्यंत येतो, हे खरं.
तेरो चार दिवसांत शिकला.
मला ऑक्टोबर उजाडला.

जुनं इंजिन संत्र्याखाली आहे,
ओंडक्यांवर, ताडपत्री टाकून.
महिन्यातून एका मंगळवारी, तो गावात गेला की,
मी प्लगच्या सहा भोकांत थेंब थेंब तेल सोडते,
हँडल लावून दोन फेरे फिरवते.
अडकू नये म्हणून.
कशासाठी, ते विचारू नका.

परवा प्लग उघडले
तर सहाही भोकं आधीच ओली होती.
तेल ताजं,
मी घालते त्याहून पातळ.