एक कुठं गेली

ते गाणं आता डीजेवर वाजते.
मारबतीच्या मिरवणुकीत वाजलं,
आमदाराच्या वाढदिवसाले वाजलं,
माह्या भाच्याच्या हळदीत तर तीनदा.
'सत्तावीस झाल्या, अठ्ठावीस झाल्या,
एक कुठं गेली, माय, एक कुठं गेली?'
पोट्टे हात वर करून विचारतात.
मी वरणात पळी फिरवत राहते.

टीव्हीवर एक सर सांगून राहिले होते,
ती एक म्हणजे हरवलेला न्याय.
दुसरे म्हणे, लाठीमारात गेलेली अनाम बाई.
कॉलेजच्या एका पोरीनं भिंतीवर चित्र काढलं तिचं,
तोंड नाही, पदर पेटलेला.

पदर पेटला नव्हता.
त्याले हळदीचा डाग होता.
ती एक मी.
दुर्पता शामराव गेडाम, भिवापूरकडची,
शाळेत खिचडी शिजवते.

डिसेंबरातलं अधिवेशन होतं.
एका टेम्पोत आम्ही एकोणतीस, उभ्यानं आलो,
चार महिन्यांचं मानधन मागाले.
टेकडी रोडवर बांबू, बांबूमागं पोलीस,
पोलिसामागं अजून पोलीस.
विधानभवन कोणत्या रंगाचं आहे
ते मले अजूनही माहीत नाही.
साहेब निवेदन घ्यायले येऊन राहिले, म्हणत.
चार वाजेपर्यंत येऊनच राहिले होते.

मोर्च्यात बाईले एक अडचण असते,
ती कोणाच्या घोषणेत येत नाही.
विचारत विचारत मी सीताबर्डीच्या मेट्रोत पोचली.
गणवेशातली पोरगी म्हणे, आत आहे मावशी, पण तिकीट लागते.
घेतलं.
बाहेर आली तर तिकीट हातात तसंच.
पैसे गेलेच होते,
फुकट कशाले घालवा?

सरकता जिना. मी कठडा धरून देवाचं नाव घेतलं.
मंग काचेजवळची जागा.
वरून आमचा मोर्चा दिसला क्षणभर,
सुपात निवडाले घेतलेल्या मूठभर तांदळाएवढा.
मंग संत्र्याच्या गाड्या, गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी.
कोणी विचारलं नाही, शिजलं का.
कोणी म्हटलं नाही, पाणी जास्त झालं.
मले झोप लागली.

खापरीले उठवलं. शेवटचं स्टेशन.
बाहेर अंधार.

परत येईपर्यंत टेम्पोचे लाइट लागले होते
अन् पंचफुला उईके मोजून राहिली होती.
घोषणा देऊन देऊन तिचा आवाज फाटला होता.
सूरबीर काही नव्हता तो.
घाबरली की ती तशीच मोजते,
पोरांची ताटं मोजते तशी, शेवटचा आकडा ओढत,
डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत.
ड्रायव्हरच्या पोट्ट्यानं मोबाईलवर घेतलं.
ढोलकी मागाहून कोणी घातली.

नीट ऐकाल तर अगदी शेवटी
फट् असा एक आवाज येतो.
लोक म्हणतात, लाठी.
पंचफुलानं माह्या पाठीत घातलेला धपाटा आहे तो.

मी सांगितलं, रस्ता चुकली.
बाया रडल्या, मले पाणी पाजलं.
मानधन होळीनंतर आलं, दोनच महिन्यांचं.

परवा तांदूळ धुता धुता पंचफुलानं विचारलं,
खरं सांग, कुठं गेली होतीस?
खापरीले, म्हटलं.
काय आहे तिथं?
काही नाही. जाईपर्यंत बसाले मिळते.

ती पाणी ओतत राहिली,
पांढरं, मंग कमी पांढरं.
मंग खाली पाहूनच म्हणाली,
तिकिटाले किती लागते?